अद्भुत, चौरस फुटाच्या दरानं

गेल्याच्या गेल्या ख्रिसमसची गोष्ट. चर्चच्या गेटवर लावायला फ्लेक्स करायचा होता, त्यावर दरवर्षीसारखंच बायबलमधलं यशया ९:६, "अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती", बाजूला तारा, खाली कमिटीतल्या सगळ्यांची नावं (नावं नाही टाकली तर पुढचे सहा महिने मीटिंगला कोणी फिरकत नाही, असो). मी मंडळीचा खजिनदार, त्यामुळं भुसावळच्या बाजारात फ्लेक्सवाल्याशी घासाघीस करायला मीच. त्याचा भाव चौरस फुटावर, आमचं बजेट ठरलेलं, आणि नावं काही कमी करता येत नव्हती. मग मी त्या पोराला म्हटलं, "भाऊ, ते 'अद्भुत' आहे ना, ते जरा लहान कर, म्हणजे दहा बाय सहात बसेल सगळं." त्यानं माऊसनं कोपरा धरला, ओढला, अद्भुत बारीक झालं आणि बसलं. मी पैसे दिले, पावती घेतली, निघालो.

येताना फाटकावर अडकलो, मालगाडी काही संपेना, डबे मोजायची लहानपणची सवय, चाळीसच्या पुढं कुठंतरी ते वाक्य परत डोक्यात आलं. अद्भुत जरा लहान कर. आधी हसू आलं. मग नाही आलं.

कारण खरं सांगायचं तर ते मी फ्लेक्सवर आत्ता केलं, आत कधीच करून बसलो होतो. आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती, आजोबा रेल्वेत फायरमन, वाफेच्या इंजिनात कोळसा मारून आले की अंघोळ करून थेट उपासनेला. मी चर्चच्या बाकावरच मोठा झालो म्हणा ना. बायबलमधली गोष्ट पाळकसाहेबांनी सुरू केली की मला शेवट माहीत, मधला उपदेश माहीत, कोणत्या वाक्याला आवाज चढणार तेही माहीत. गुड फ्रायडेला क्रूसावरच्या सात उद्गारांपैकी पाचव्यावर, "मला तहान लागली आहे" ह्यावर, कोणीतरी बोलत होतं आणि मी मनातल्या मनात बाहेरच्या लिंबू सरबताचा हिशोब करत होतो, ग्लास पुरतील की नाही. ह्याला पाप म्हणावं का ते मला माहीत नाही. पण हे काहीतरी आटल्याचं लक्षण आहे एवढं कळतं, आमच्याकडच्या विहिरी एप्रिलमध्ये आटतात तसं, वरून बघितलं तर विहीर आहे तशीच दिसते, बादली सोडल्यावर कळतं.

ह्याच्या उलट एक बाई बघितली होती मी. चाळीतल्या एका घरी कॉटेज प्रेअर, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, होती, शेजारच्या एक मावशी सहज येऊन बसल्या होत्या, कधी चर्चला गेलेल्या नाहीत, बायबल हातात धरलेलं नाही. त्या दिवशी लूक १५, उधळ्या पुत्राची गोष्ट. मला झोप येत होती. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी मागतो, सगळं उधळतो, डुकरं राखतो, मग घरी परत निघतो, इथं वाचणारा पान उलटायला थांबला तर मावशी एकदम म्हणाल्या, "मग? बापानं घेतलं का घरात?" त्यांना खरंच माहीत नव्हतं हो! त्यांच्या चेहऱ्यावर अशी काळजी होती की जणू शेजारच्या गल्लीतला पोरगा आहे. आणि बाप धावत गेला, गळ्यात पडला, हे ऐकल्यावर त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी दोनशे वेळा ऐकलेली गोष्ट, मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला. येशूनं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा ऐकणारे सगळे असेच बसले असणार ना, शेवट माहीत नसलेले.

बरं, माहिती जास्त झाली म्हणून नवल संपलं असंही नाही म्हणता येत, कारण मला माहिती कुठं होती, मला सवय होती. हे दोन वेगळे आहेत हे मला एका पाइपनं शिकवलं. सांगतो.

त्याआधी माशांचं सांगतो. फेब्रुवारीत संडे स्कूलमध्ये तांबड्या समुद्राची गोष्ट घेत होतो, निर्गम १४, पाणी उजव्या-डाव्या हाताला भिंतीसारखं उभं राहिलं. पाचवीतला एक पोरगा, सारखा चुळबुळ करणारा, हात वर. "अंकल, मग त्या भिंतीत मासे दिसले असतील का? ॲक्वेरियमसारखे?" मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "ते महत्त्वाचं नाही, महत्त्वाचं काय तर विश्वास. चला, सोनेरी वचन पाठ करा." पोरगा खाली बसला. वचन पाठ म्हटलं त्यानं, बिनचूक. मला त्याचं काहीच वाटलं नाही तेव्हा, उलट वेळेत संपलं म्हणून बरं वाटलं.

आता पाइप. मे महिन्यात आमच्याकडं व्हीबीएस असते, सुट्टीतली बायबल शाळा, आठवडाभर, सकाळी. भुसावळचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, पारा पंचेचाळीसच्या पुढं, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. माझी पुतणी बीएस्सीला, फिजिक्स घेऊन, ती मदतीला आलेली. ती म्हणाली, काका, परवा २५ तारीख, शून्य सावली दिवस आहे, पोरांना दाखवू. मी म्हटलं उन्हात पोरं आजारी पडतील, आईबाप मला धरतील. ती म्हणाली दहा मिनिटं फक्त. मग बोअरच्या कामातला उरलेला दोन इंची पीव्हीसी पाइप होता, हातभर तुकडा कापला, चर्चच्या मागच्या शहाबादी फरशीवर उभा केला, ओळंबा लावून सरळ केला. पोरं डोक्याला रुमाल, टॉवेल, एकानं तर आईची ओढणी गुंडाळलेली, गोल करून उभी.

बारा वाजता पाइपची सावली जेमतेम दोन-तीन बोटं. सव्वाबाराला बोटभर. मग ती बघता बघता आत ओढल्यासारखी आखूड होत गेली आणि बारा पंचवीसच्या आसपास नाहीच. पाइप उभा, ऊन रणरणतं, आणि फरशीवर सावली नाही. पुतणीनं एकेकाला वरून पाइपात बघायला लावलं तर आत तळाला फरशीवर उन्हाचा अख्खा गोल, कुठंच कडेला न लागता उतरलेला. पोरं स्वतःच्या पायाकडं बघायला लागली, सावली पायाखालीच. एक चिमुरडी उडी मारून बघत होती की उडी मारल्यावर सावली खाली सापडते का.

पुतणीनं मग समजावलं. सूर्य बरोबर डोक्यावर फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त ह्यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशावर, आपलं भुसावळ एकवीस अंशावर, म्हणजे सूर्य उत्तरेकडं जाताना मेच्या शेवटी एकदा आपल्या डोक्यावरून जातो आणि परत येताना जुलैच्या मध्यात एकदा, पण तेव्हा ढग असतात म्हणून कळत नाही. दिल्लीला हे कधीच होत नाही, दिल्ली पट्ट्याच्या बाहेर. आणि हा जो उजेड पाइपात उतरलाय तो सूर्यावरून निघून आठ मिनिटं वीस सेकंद झालीत. हे सगळं ऐकून माझं नवल कमी व्हायला पाहिजे होतं, उकल झाली ना, पण झालं उलटंच. सेहेचाळीस वर्षं मी ह्याच गावात, ह्याच सूर्याला शिव्या देत जगलो, तो दरवर्षी दोनदा बरोबर माझ्या टाळूवरून जातो हे मला माहीतच नव्हतं.

तिथंच उन्हात उभ्या उभ्या याकोबाच्या पत्रातलं वचन आठवलं, १:१७, प्रत्येक उत्तम देणगी ज्योतिमंडळाच्या पित्यापासून येते आणि त्याच्या ठायी फिरण्यानं पडणारी छाया नाही. हे वचन मी थँक्सगिव्हिंगच्या दानाच्या पाकिटांवर छापून घेतो दरवर्षी. "उत्तम देणगी" एवढाच भाग छापतो, कारण देणगी शब्द आहे त्यात. सावलीचा भाग मी कधी वाचलाच नव्हता असं म्हटलं तरी चालेल. याकोबानं सूर्याची सावली सरकताना बघितली असणार, अंगणात, भिंतीवर, तासन् तास, त्याशिवाय असं कोणी लिहील का? आमची सावली एका मिनिटासाठी गेली आणि लगेच दुसऱ्या बाजूनं निघायला लागली. देव कायमच बिनसावलीचा. मी काही बोललो नाही पोरांना. पुतणी माझ्याकडं बघत होती की आता काका उपदेश करणार. पाणी पाजलं सगळ्यांना आणि आत नेलं.

आता इथं एक कबुली द्यायची आहे, ती जरा जुनी आहे. माझे एक मित्र आहेत, रावेरकडचे, वयानं मोठे म्हणून मी बापू म्हणतो, केळीचे बागायतदार. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या जळगाव जिल्ह्यात केळीवर सीएमव्ही आला, कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा कीड पसरवते तो, पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा (शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो, आणि एकदा लागला की औषध नाही, झाड उपटून नष्ट करायचं एवढंच. बापूंनी टिश्यूकल्चरची रोपं लावलेली, रोपाचे पैसे, ठिबकचे पैसे, सगळे गेलेले, आणि बांधावर उपटलेल्या रोपांचा ढीग. मी भेटायला गेलो आणि माझ्या तोंडातून काय निघालं तर, "बापू, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात." रोमकरांस ८:२८. वचन खरंच आहे, माझा आजही त्यावर विश्वास आहे. पण मी ते असं काढलं जसं खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढतात. बापू ढिगाकडं बघत म्हणाले, "काय सांगून राह्यला भो. तुमच्या देवाकडं सगळी उत्तरं छापीलच दिसतात."

ते मला लागलं. त्यानंतर मी बायबलातलं ईयोबाचं पुस्तक परत वाचलं, ह्यावेळी घाई न करता. ईयोबाचं सगळं गेलेलं, गुरं, लेकरं, अंगावर फोडं, आणि त्याचे मित्र माझ्यासारखेच, पानंच्या पानं छापील उत्तरं देतात. शेवटी देव वावटळीतून बोलतो, अध्याय ३८ पासून, आणि तो एकही उत्तर देत नाही! विचारतोच राहतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास? बर्फाची भांडारं बघितलीस का? रानबकऱ्या कधी वितात ते ठाऊक आहे का? बहिरी ससाणा तुझ्या अकलेनं उडतो का? शहामृगीण अंडी मातीत टाकून जाते, तिचं काय? माणसाचं सगळं लुटलं गेलंय आणि देव त्याला शहामृगाचं सांगतोय. मला लहानपणी हे विचित्र वाटायचं, आजही थोडं वाटतं, आणि विचित्र वाटलेलंच बरं. ईयोब शेवटी आपला हात आपल्या तोंडावर ठेवतो. आपण मराठीत अवाक् म्हणतो ना, अवाक्, म्हणजे वाचा नसलेला, तेच. त्याचे मित्र मात्र भरभरून बोलले होते, आणि देवाचा राग कोणावर भडकला ते ४२ व्या अध्यायात वाचा.

"परमेश्वराचे भय" हा शब्द मला आयुष्यभर नीट कळला नव्हता. रेल्वे कॉलनीतला पोरगा मी, भय म्हटलं की टीसी आठवायचा. ईयोबाच्या ह्या अध्यायांत कळलं की हे भय दुसरंच आहे, सातपुड्यात रात्री विजा चमकतात तेव्हा आपण घाबरून दार लावतो आणि परत फट उघडून बघतो, तसलं.

मग मी बापूंच्या शेतावर जायला लागलो, महिन्यातून एखाद्या रविवारी, उपासनेनंतर. वचन वगैरे काही नाही, नुसता जायचो. आणि तिथं निसवण बघितली, म्हणजे केळीचं फूल, कमळ म्हणतात ते, बाहेर पडताना. भुसावळात जन्म काढून, रोज केळी खाऊन, मी केळ निसवताना कधी बघितलं नव्हतं. केळीचं खोड आपण खोड म्हणतो ते खोड नाहीच, बापूंनी एक कापून दाखवलं, कांद्यासारख्या पाकळ्या एकात एक, पानांचे देठ गुंडाळलेले नुसते. खरा कोंब खाली जमिनीपाशी. तिथंच, कोणाला न दिसता, कमळ तयार होतं आणि मग त्या गुंडाळीच्या आतून, पुरुषभर उंची चढून, वर शेंड्यातून बाहेर येतं. बापू म्हणाले, "आपल्याला दिसते तेव्हा तिचं ठरून गेलेलं असतं, किती केळं लागतील ते पोटातच ठरतं." जांभळट लाल कमळ, बाहेर आलं की मान खाली घालतं, मग एकेक पाकळी वर उचलते आणि खाली केळांची इवली रांग, हाताची बोटं असावीत तशी, टोकाला फूल चिकटलेलं. ती बोटं आधी खाली तोंड करून असतात आणि मग दिवसागणिक वळून वर बघायला लागतात, म्हणून केळं वाकडं. मी एका झाडापाशी किती वेळ उभा होतो देव जाणे, डास फोडून काढत होते.

माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं, हं, ह्याचा दृष्टांत चांगला होईल. गुप्त काम, मग फळ, तीन मुद्दे, शेवटी गीत. आणि मग लक्षात आलं, हीच ती खोड. आम्हा चर्चवाल्यांना समोर काही आलं रे आलं की त्याचा उपयोग सुचतो. केळ नीट बघून व्हायच्या आत तिचा उपदेश झालेला असतो. मत्तयात येशू म्हणतो, रानातली भुकमळं कशी वाढतात ते लक्षात आणा. (भुकमळ म्हणजे लिलीसारखं रानफूल, पण मला लहानपणी ते भूक लागल्यावर खायचं कमळ वाटायचं, आजी हसून हसून बेजार.) मी ह्या वचनावरून "चिंता करू नका" हा मुद्दा किती वेळा काढला असेल, आणि एकदाही, एकदाही कुठल्या फुलाकडं जाऊन उभा राहिलो नव्हतो. सांगणाऱ्यानं आधी बघा म्हटलंय, मी बघणं गाळून निष्कर्षावरच जात होतो, हिशोबाच्या वहीत थेट शेवटची बाकी बघावी तसं.

तर केळीचा मुद्दा काय, काही नाही. केळ निसवते. देवानं ती तशी केली. मला ते बघायला मिळालं.

मागच्या महिन्यात, डिसेंबरात, बापूंकडं भरीत पार्टी झाली. हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी दांडक्यानं ठेचलेली, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, ह्याच्यावर वेगळी पोस्ट लिहीन. शेतीची लाईट रात्रीची, दहाला येणार होती, मोटर सुरू करायला बापू थांबलेले म्हणून मीही थांबलो. बांधावर खाटेवर आडवा झालो तर बरोबर डोक्यावर कृत्तिकांचा झुबका. बापू म्हणाले मोज किती दिसतात, मला सहा दिसल्या, त्यांनाही सहाच. पुतणीनं सांगून ठेवलं होतं की कृत्तिकांचा उजेड आपल्याकडं यायला साधारण ४४० वर्षं लागतात. मी बापूंना सांगितलं, म्हणजे हा उजेड निघाला तेव्हा शिवाजी महाराज जन्मायचे होते, आपल्या खानदेशावर फारुकी सुलतान होते, असीरगड १६०१ साली अकबराच्या हाती पडला त्याच्याही आधी हा निघालाय. बापू बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आन् आपल्या खाटेवर पडला."

त्यांना मी ईयोबाचं सांगितलं, ह्यावेळी त्यांनीच विचारलं म्हणून, तुमच्या बायबलात चांदण्या आहेत का. म्हटलं आहेत, देव ईयोबाला विचारतो, तुला कृत्तिका बांधता येतील का, मृगशीर्षाचे बंध सोडता येतील का. मृग म्हटल्यावर बापू उठूनच बसले. मृगबाग (मृगातली केळीची लागवड) लावणारा माणूस, मृग नक्षत्र म्हणजे त्यांच्यासाठी वर्षाचा पहिला शब्द. "मग ईयोब काय म्हटला?" मी म्हटलं, काही नाही, तोंडावर हात ठेवला. बापू हसले. "शहाणा होता." आणि तेवढ्यात लाईट आली, मोटर खडखडली, आणि ते बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह बघायला गेले.

आता मी फार बदललो वगैरे नाही. परवाच्याच रविवारी प्रार्थना चालू असताना मी जनरेटरच्या डिझेलचा विचार करत होतो. फरक पडला तो इतकाच की आता ते लक्षात येतं, आणि मी डोळे उघडून समोरच्या बाकावरच्या कोणाच्या तरी कानाकडं बघतो, कान फार अजब असतो, कधी बघा नीट, आणि मग परत प्रार्थनेत येतो. बायको म्हणते हे काय भलतंच.

त्याच रविवारी संडे स्कूल सुटल्यावर त्या माशांवाल्या पोराला थांबवलं. आता सहावीत आहे, मिसरूड नाही पण ऐट आलीये. म्हटलं, "तू मागं विचारलं होतंस, समुद्राच्या भिंतीत मासे दिसले असतील का. मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. मला वाटतं दिसले असतील." तो माझ्याकडं बघायला लागला, "कोणते मासे?" पार विसरलेला. मी परत सगळं सांगितलं, तांबडा समुद्र, भिंत, ॲक्वेरियम. त्याचे मित्र बाहेर क्रिकेटला हाका मारत होते. तो दाराशी गेला, बॅट उचलली, मग तिथंच थांबून म्हणाला, "अंकल, मग त्या माशांना पण लोकं चालताना दिसली असणार ना. पाण्याच्या बाहेरून. त्यांना काय वाटलं असेल?"

आणि पळाला.